नाचाची जमीन: कोल्हापुरात डान्स फ्लोअर बांधायचा तर

राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये मी कथकचा क्लास सुरू केला, तेव्हा खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या. आरसे लावले, पंखे लावले, भिंती रंगवून घेतल्या. जमिनीकडे माझं लक्षच गेलं नाही. तिसऱ्या महिन्यात अकरा वर्षांची एक मुलगी क्लास संपल्यावर भिंतीला टेकून बसली, नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला आणि म्हणाली, "ताई, इथं दाबलं की कळ येते." दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या मुलींना विचारलं. आणखी दोघींना दुखत होतं, फक्त त्या बोलल्या नव्हत्या.

टाइल्सच्या खाली सिमेंट, सिमेंटखाली स्लॅब. पाय आपटला की तो धक्का जमीन घेत नाही, सगळा परत पायात येतो. जरा हिशेब करून बघा. तीनतालात मिनिटाला ८० मात्रांची लय धरली आणि तत्कार (तालावर पायांनी ठोके देणं) चौगुनीत, म्हणजे मात्रेला चार ठोके असा केला, तर मिनिटाला ३२० ठोके होतात. दहा मिनिटांत ३,२००. रोज हे अकरा वर्षांच्या हाडांवर.

खरं तर आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. कुठल्याही तालमीत जाऊन कुस्तीचा हौद बघा. लाल माती चाळून घेतलेली असते, त्यात तेल, ताक, लिंबू, हळद मुरवलेली असते, आणि कुस्ती धरण्याआधी पोरं ती खोऱ्यानं उकरून मऊ करतात. १९१२ पासून खासबाग मैदानात कुस्त्या होताहेत, त्या मातीतच होताहेत. फरशीवर डाव टाकायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. नाचणाऱ्या मुलांना मात्र आपण खुशाल फरशीवर उभं करतो. म्हणून नव्यानं क्लास काढणाऱ्या किंवा घरात रियाजाची खोली करणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: हाताशी असलेला पैसा आधी पायाखाली घाला. आरसे, लाईट, साऊंड सिस्टिम नंतर येऊ देत.

आधी नाच ठरवा

सगळ्या नाचांना चालेल अशी एकच जमीन नसते.

कथकला अनवाणी सपाट पाय जोरात पडतो आणि त्याचा आवाज ऐकू यावा लागतो. घुंगरांच्या आवाजाखाली तळव्याचा नाद असतो, तो लाकडावर सुंदर येतो. शिवाय चक्कर टाचेवर घ्यायची असते, त्यामुळे पाय चिकटलाही नाही पाहिजे आणि घसरलाही नाही पाहिजे. भरतनाट्यमला अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून, अडवू (नाचाचे मूळ पदन्यास) मारायचे असतात, गुडघ्यावर भार जास्त, म्हणून जमिनीची लवचीकता त्यांना आणखी महत्त्वाची. लावणीला जड घुंगरू आणि फळ्यांचा मंच हे जुनं नातं आहे. फडात फळ्यांच्या मंचावर ठेका पडतो, तेव्हा तो मंच वाद्यासारखा बोलतो.

झुंबा, एरोबिक्स आणि बॉलिवूड डान्सला बूट असतात, उड्या असतात. तिथं धक्का शोषणारा फ्लोअर आणि वर व्हिनाइल हे उत्तम. साल्साला बुटाच्या तळव्यावर गिरकी घ्यायची असल्यानं पॉलिश केलेलं गुळगुळीत लाकूड लागतं. हिपहॉपमध्ये हातावर, पाठीवर, डोक्यावरही फिरायचं असतं, तिथं सांधा न लागणारं सलग व्हिनाइलच हवं.

झिम्मा-फुगडीचा विचार कुणी करत नाही, पण कोल्हापुरात बायका त्याचा सराव महिनोन्महिने करतात. फुगडीत दोघींचं वजन मागं झुकलेलं असतं, पाय एकाच जागी जवळजवळ घासत फिरतात. ओल्या किंवा तेलकट फरशीवर पाय सुटला की थेट डोक्यावर पडायची भीती. मंगळागौरीच्या गटानं भाड्यानं हॉल घेताना आधी अनवाणी पायानं दोन फेऱ्या फुगडी घालून बघावी, मगच पैसे द्यावेत.

दोन-तीन प्रकार एकाच हॉलमध्ये शिकवायचे असतील, तर खाली चांगला लवचीक लाकडी फ्लोअर करा आणि वर गुंडाळता येणारं व्हिनाइल ठेवा. कथकच्या तासाला ते गुंडाळायचं, बाकीच्या वेळी पसरायचं. मी आता हेच करते.

जागा बघायला जाताना

खिशात मोजपट्टी, एक गोटी, जाड प्लॅस्टिकचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा आणि चिकटपट्टी घेऊन जा.

पहिलं मोजमाप माणसांचं. दोन्ही हात पसरून एक गिरकी घ्यायला प्रत्येकाला साधारण सहा फूट बाय सहा फूट जागा लागते, म्हणजे ३६ चौरस फूट. वीस बाय सोळाच्या खोलीत आठजणी नीट नाचतील, नऊ दाटीवाटीनं. पंधराजणींची बॅच घेण्याचा मोह आवरा, कारण धडका होतात आणि मुली हात आखडून नाचायला शिकतात. ती सवय पुढं जाता जात नाही.

मग गोटी. ती जमिनीवर चार-पाच ठिकाणी ठेवा. आपोआप पळाली तर उतार आहे. गवंड्याची सरळ अॅल्युमिनियम पट्टी मिळाली तर ती आडवी ठेवून खालून फट बघा. दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर आधी ती जमीन समपातळीत आणून घ्यावी लागेल. वाकड्या जमिनीवरचा फ्लोअर कधीच शांत राहत नाही, जिथं पोकळी तिथं करकरतो.

प्लॅस्टिकचा तुकडा आहे ओल तपासायला. चारही बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. काढताना आतल्या बाजूला दव धरलेलं दिसलं किंवा खालची जमीन काळपट झाली असली, तर स्लॅबमधून ओल वर येतेय. तळमजल्यावरच्या जुन्या गाळ्यांत हे सर्रास आढळतं. अशा ठिकाणी ओलीचा बंदोबस्त केल्याशिवाय लाकूड घालू नका, वर्षभरात ते काळं पडेल किंवा वाळवीच्या तोंडी जाईल.

वरच्या मजल्यावर जागा असेल तर प्रश्न वेगळा. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून बांधतात, तर माणसं जमतात आणि हालचाल करतात अशा हॉलसाठी ५०० किलो धरतात. शिवाय आठ-दहाजणी एकाच तालात पाय आपटतात, तेव्हा भार नुसता वजनाचा राहत नाही, स्लॅब त्या ठेक्यावर हलायला लागतो. जुन्या इमारतीत किंवा मूळ राहत्या घराच्या पहिल्या मजल्यावर क्लास काढायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका. त्याची फी जास्त वाटली तरी द्या.

आणि महापूर. बापट कॅम्प, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथल्या लोकांना २०१९ आणि २०२१ विसरता येणार नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण सगळेच बघतो: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पंचगंगेच्या पट्ट्यात तळमजल्यावर जागा असेल, तर फ्लोअर कायमचा ठोकूनच टाकू नका. सुट्या पॅनेलचा करा. इशारा पातळीच्या आसपास पाणी आलं की चौघांनी मिळून ते वरच्या मजल्यावर न्यायचे.

फ्लोअर बांधताना

चांगल्या फ्लोअरचं गुपित त्याच्या पोटात असतं. लाकूड थेट सिमेंटवर चिकटवलं तर दिसायला लाकडी, पण पायाला सिमेंटच. मध्ये काहीतरी लवणारं हवं. याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत लाकडी रीपांची: एका थरावर दुसरा आडवा, त्यावर तिसरा, आणि वरच्या-खालच्या आधारांच्या जागा एकमेकांवर येऊ द्यायच्या नाहीत, म्हणजे मधली रीप धनुष्यासारखी लवते. ती उत्तम असते, पण करणारा सुतार मुरलेला लागतो आणि लाकूड सुकं लागतं. दुसरी पद्धत फोमच्या ठोकळ्यांवर प्लायवूडचे दोन थर. नवख्यांनी हीच करावी. माझा फ्लोअर असाच आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते.

खोली वीस बाय सोळाची धरू. प्लायची शीट आठ बाय चारची असते, म्हणजे एका थराला दहा शीट, दोन थरांना वीस. तुटफूट आणि कापाकापीसाठी एक जास्तीची घ्या. जाडी १२ मिलिमीटर. साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) प्लाय घेऊ नका. शीटवर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) ग्रेड बघा, ते आपल्या पावसाळ्यात टिकतं. आयएस ७१० चं मरीन प्लाय मिळालं तर आणखी चांगलं, पण महाग पडतं. टिंबर मार्केटमध्ये शीट घेताना प्रत्येक शीट उभी करून कडेनं नजर लावा. वाकलेली परत ठेवा. कडेला थरांमध्ये पोकळी दिसत असेल तीही परत ठेवा. दुकानदाराला आवडणार नाही, तरी बघा.

शीट आणल्या की लगेच ठोकायला घेऊ नका. ज्या खोलीत बसणार आहेत तिथंच खाली रीपा ठेवून, मध्ये हवा खेळेल अशा आडव्या रचा आणि निदान चार दिवस राहू द्या. लाकूड त्या खोलीच्या हवेला सरावतं.

या अवधीत फोमची परीक्षा घ्या. ईव्हीए हा रबरासारखा फोम एक इंच जाडीचा घ्या, पण घट्टपणा दुकानात हातानं दाबून कळत नाही. दोन-तीन घट्टपणांचे नमुने आणा, तीन इंच बाय तीन इंचाचे ठोकळे कापा, एका शीटखाली फूटभर अंतरावर चिकटवा आणि वर दुसरी शीट ठेवून त्यावर नाचा. एकदा नाही, तीन-चार दिवस. फार मऊ असेल तर गादीवर उभं राहिल्यासारखा घोटा डुगडुगतो आणि चक्करीत तोल जातो. फार घट्ट असेल तर काही फरकच जाणवत नाही. बरोबर असतो तेव्हा उडी मारून खाली आल्यावर जमीन किंचित खाली जाते आणि लगेच शांत होते. मी एका टोकाला पाण्यानं भरलेलं फुलपात्र ठेवते आणि दुसऱ्या टोकाला उडी मारते. पाणी थरथरावं, सांडू नये.

आता खरं काम. जमीन झाडून पुसून कोरडी करा. त्यावर जाड प्लॅस्टिक अंथरा, दोन पट्ट्या एकमेकींवर सहा इंच चढवा आणि सांधा चिकटपट्टीनं बंद करा. भिंतीवर ते दोन इंच वर येऊ द्या. फोमचे ठोकळे पहिल्या थराच्या शीटला खालून चिकटवा, दर फुटाला एक. पूर्ण खोलीला साडेतीनशेच्या पुढं ठोकळे लागतात, ते आदल्या दिवशी कापून ठेवा. शीटच्या कडांना आणि कोपऱ्यांना ठोकळा आलाच पाहिजे. अधांतरी राहिलेली कड आज दबेल, उद्या मोडेल.

पहिला थर विटांच्या बांधकामासारखा मांडा, म्हणजे चार शीटचे कोपरे एका ठिकाणी यायला नकोत. दुसरा थर पहिल्याच्या आडवा, आणि वरचा कुठलाही सांधा खालच्या सांध्यावर यायला नको. शीट-शीटमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवा. एक जुना एटीएम कार्डाचा तुकडा दुमडून मध्ये धरला की काम होतं. स्क्रू २० मिलिमीटर लांबीचेच वापरा. दोन थर मिळून २४ मिलिमीटर होतात. त्याहून लांब स्क्रू घेतला तर खालून टोक बाहेर येतं आणि फोमला भोकं पाडतं. स्क्रू दर सहा ते आठ इंचांवर, डोकं पृष्ठभागाच्या किंचित आत बसवून. वरून पुट्टी, मग घासकाम. शेवटी अनवाणी पाय घासत पूर्ण फ्लोअर फिरा, कारण जे हाताला लागत नाही ते तळव्याला लागतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, तुम्ही ती टाळा. पहिल्यांदा फ्लोअर केला तो मे महिन्यात. शीट कोरड्या ठणठणीत होत्या, आणि फ्लोअर नीटनेटका दिसावा म्हणून मी मिस्त्रींना चारही भिंतींना टेकवून बसवायला लावला. ते म्हणाले होते, "ताई, थोडी जागा ठेवू या." मी ऐकलं नाही. जुलैत आठ-दहा दिवस संततधार लागली, लाकूड फुगलं, फुगायला जागा नव्हती, आणि एका सकाळी खोलीच्या मधोमध दोन शीट उचललेल्या दिसल्या, दोन बोटं आत जातील एवढ्या. क्लास तीन आठवडे बंद ठेवावा लागला. चारही कडांनी १२ मिलिमीटर कापून काढलं, तेव्हा फ्लोअर खाली बसला. तेव्हा भिंतीपासून १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडाच. वरून लाकडी स्कर्टिंगनं ती झाकता येते, फक्त स्कर्टिंग भिंतीला ठोका, फ्लोअरला नाही. आणि काम शक्यतो दसरा-दिवाळीच्या सुमारास काढा. हवा ना फार ओली, ना फार कोरडी.

एक गोष्ट सगळे विसरतात. या फ्लोअरची उंची दोन इंच होते, त्यामुळे दरवाजा आधी खालून कापून घ्या आणि उंबऱ्याशी छोटा उतार करा. नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी ठेचकाळतं.

वायरी फ्लोअरखालून कधीच नेऊ नका. प्लाय आणि फोम दोन्ही पेट घेतात. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासून गावाचं असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना आपण पाहिलं आहे. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. क्लास लहान असला तरी अग्निशामक सिलिंडर दाराजवळ लावा, आणि दारासमोर चपलांचं रॅक ठेवून वाट अडवू नका.

वरचा थर

लाकूडच उघडं ठेवायचं असेल तर मॅट पॉलिश करा, चकाकणारं नको. अनवाणी पायाला घाम आला की चकाकणाऱ्या पॉलिशवर पाय आधी चिकटतो, मग अचानक सुटतो.

व्हिनाइल घेणार असाल तर नाचासाठी बनवलेलं घ्या. त्याला नाचाच्या जगात मार्ली म्हणतात. घरगुती फरशीवर टाकतात ते पातळ गुळगुळीत व्हिनाइल स्वस्त असतं, पण ते घसरतं आणि घुंगरांनी फाटतं. रोल आणल्यावर उलगडून एक दिवस तसाच पडू द्या, त्याच्या वळ्या आपोआप बसतात. मगच टेपनं सांधे जोडा.

घरी, कमी पैशांत

क्लास नाही, फक्त मुलीच्या रियाजासाठी काहीतरी हवं, असं विचारणारे पालक खूप असतात. त्यांना पूर्ण खोली करायची गरज नाही. चार बाय चारचे दोन चौकोन पुरतात: प्रत्येकात १२ मिलिमीटर प्लायचे दोन थर, खाली फोमचे ठोकळे, कडा घासून गोल केलेल्या. म्हणजे दोन शीटमध्ये काम झालं. रियाज संपला की भिंतीला उभे करून ठेवता येतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांनाही बरं, कारण फोममुळे ठोक्याचा दणका स्लॅबमध्ये कमी जातो. तरीही त्यांना एकदा जाऊन भेटा आणि रियाजाची वेळ सांगा. आमच्या खालच्या काकूंना वेळ माहीत झाल्यापासून त्यांची तक्रार थांबली. एक दिवस रियाज चुकला तर आता त्याच विचारतात.

लॉनवरच्या संगीत कार्यक्रमासाठी मंडपवाले जोडायचे पॅनेल देतात. त्यांच्याकडून घेताना एवढंच बघा: खालची जमीन सपाट आहे का आणि पॅनेलच्या सांध्यात बोट अडकत नाही ना. ओल्या हिरवळीवर थेट टाकायला लावू नका, खाली फळ्या घालायला सांगा.

आता नाचा

नव्या फ्लोअरला दोन आठवडे खिडक्या उघड्या ठेवा, प्लाय आणि पॉलिशचा वास जायला हवा. बाहेरच्या चपला-बूट फ्लोअरवर कुणाचेच नकोत, पाहुण्यांचेही नकोत. तळव्याला अडकलेला एक खडा दहा मुलींच्या पायाला पुरतो. पुसायला ओलसर, पिळलेलं फडकं आणि थोडा सौम्य साबण. फिनाईल आणि तेलकट क्लीनर वापरू नका, त्यांचा थर राहतो आणि त्यावर पाय सुटतो. पाय घसरतो म्हणून पावडर टाकू नका, आणि पाय चिकटतो म्हणूनही टाकू नका. टाचांना खोबरेल लावून येणाऱ्या मुलींना आधी पाय धुवायला पाठवा. घुंगरांची दोरी सैल झाली की पितळेची धारदार कड व्हिनाइल कापते, म्हणून दर आठवड्याला घुंगरू तपासा.

पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एक रविवार फ्लोअरसाठी राखून ठेवा. स्क्रू आवळायचे, भिंतीकडची फट मोकळी आहे का ते बघायचं, करकरणाऱ्या जागी खडूनं खूण करायची. बहुतेक वेळा एक स्क्रू जास्त घातला की करकर थांबते. थांबली नाही, तर तिथला फोमचा ठोकळा सुटलाय असं समजा आणि ती शीट उचला. खाली वाळवीची माती दिसते का तेही त्याच वेळी बघून घ्या.

आमचा फ्लोअर सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवशी मी तबला लावला नाही, घुंगरूही बांधू दिले नाहीत. आठजणींना नुसता तत्कार करायला सांगितला, ठाय म्हणजे संथ लयीत. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. टाइल्सवर तो आवाज कोरडा, चापट मारल्यासारखा यायचा. इथं तो खालून आला, भरलेला, डग्गा घुमावा तसा. मुली थांबून एकमेकींकडे बघायला लागल्या. नडगी दाबून दाखवणारी ती मुलगी जमिनीवर पालथी झाली, एक कान फ्लोअरला लावला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही करा ना, मी ऐकते." मी केला. मग एकेक करून सगळ्याच पालथ्या झाल्या, कान लावून.

तुमचा फ्लोअर झाला की पहिला तास असाच ठेवा. आधी ऐकू द्या, मग दुगुन.